गजकर्णाचं मलम: खाज गेली, डाग गेला, मग ट्यूब बंद करायची का?

रावपुऱ्याची_सून
१२ सप्टेंबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. विषय जरा लाजिरवाणा आहे, पण इथे कोणी कोणाला ओळखत नाही असं धरून (दांडिया बाजारातले निम्मे लोक इथे आहेत हे माहीत असूनसुद्धा) विचारून टाकते.

आमच्या ह्यांना कमरेला, बरोब्बर पट्ट्याच्या रेषेत, आणि खाली जांघेत गजकर्ण झालं. गोल चट्टे, कडेला लाल उंचवटा, मधे बरं झाल्यासारखं. पावसाळाभर स्कूटरवरून मकरपुरा जीआयडीसीला जातात, जीन्स सकाळी भिजते ती संध्याकाळपर्यंत अंगावरच वाळते, मग काय होणार. डॉक्टरांनी ल्युलिकोनाझोलची (बुरशीवरची) क्रीम दिली, दिवसातून एकदा, चार आठवडे, आणि बजावून सांगितलं की डाग दिसेनासा झाला तरी थांबायचं नाही.

आज नववा दिवस. खाज पाचव्या दिवशी गेली. चट्टे आता नुसते तपकिरी सावलीसारखे. ट्यूब निम्मी शिल्लक आहे. हे म्हणतात झालं की बरं, औषध ते औषध, उगाच लावत बसलो तर कातडी खराब व्हायची.

दुसरी गंमत म्हणजे सासूबाईंच्या मानेवर एक चट्टा उठलाय, त्यांनी परवा गुपचूप हीच ट्यूब लावली. का तर घरात औषध असताना डॉक्टरला पैसे कशाला. तिसरं म्हणजे कोपऱ्यावरचे मेडिकलवाले भाई म्हणाले तुमची क्रीम स्लो आहे, "आ लगाडो, बे दिवसमां मटी जशे" (हे लावा, दोन दिवसांत जाईल), आणि चाळीस रुपयांची वेगळीच ट्यूब हातात ठेवली. ती फ्रिजवर पडलीय, उघडलेली नाही.

दहा दिवसांवर नवरात्र आलंय आणि ह्यांना आमच्या पोळीतला (म्हणजे गल्लीतला) गरबा चुकवायचा नाहीये. काय करू?

शेवउसळप्रेमी

चाळीस रुपयांत दोन दिवसांत बरं होत असतं तर बडोद्याचे सगळे स्किनचे डॉक्टर एव्हाना शेवउसळीची गाडी लावून बसले असते.

निवृत्त_केमिस्ट

सूनबाई, ती फ्रिजवरची ट्यूब उघडू नका, पण खोक्याची मागची बाजू वाचून काय काय लिहिलंय ते इथे टाका. चष्मा लागेल, अक्षर मुद्दामच बारीक असतं.

रावपुऱ्याची_सून

काका हे घ्या. क्लोबेटासोल प्रोपिओनेट, ओफ्लॉक्सासिन, ऑर्निडाझोल, टर्बिनाफिन. चार चार औषधं आहेत! मग चांगलीच असेल ना? आमच्या क्रीममधे एकच आहे.

निवृत्त_केमिस्ट

तीच ती. पस्तीस वर्षं काउंटरमागे उभा राहिलोय, ह्या खिचडीचा खप डोळ्यांनी पाहिलाय आणि खोटं कशाला बोलू, सुरुवातीची काही वर्षं मीही विकलीय.

फोड करून सांगतो. टर्बिनाफिन बुरशीवरचं, ते ठीक. ओफ्लॉक्सासिन जिवाणूंवरचं, ऑर्निडाझोलही जिवाणू आणि आमांशाच्या जातीच्या जंतूंवरचं, गजकर्ण ह्या दोन्हींमुळे होतच नाही. आणि पहिलं नाव, क्लोबेटासोल, ते स्टेरॉइड, तेही त्वचेवर लावायच्या स्टेरॉइडमधलं सगळ्यात जहाल. खाज येते, लाली येते ती आपलं शरीर बुरशीशी भांडतंय म्हणून. स्टेरॉइड काय करतं तर भांडण मिटवत नाही, आपल्याच माणसाला खाली बसवतं. दोन दिवसांत खाज बंद, गिऱ्हाईक खूश, भाई देव. आणि बुरशीला रान मोकळं. ट्यूब बंद केली की दुपटीने उसळतं, की परत तीच ट्यूब. चट्ट्याची गोल किनारही पुसली जाते, मग डॉक्टरलासुद्धा पटकन ओळखू येत नाही की हे गजकर्ण आहे.

२०१८ साली सरकारने अशी चौदा स्टेरॉइडं शेड्यूल एचमधे घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. कागदावर.

शेवउसळप्रेमी

काका सोपा नियम सांगा ना. नावाच्या शेवटी "झोल" असलं की बुरशीचं औषध, "सोन" असलं की स्टेरॉइड. क्लोट्रिमाझोल, मायकोनाझोल, किटोकोनाझोल. बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन. मी असंच लक्षात ठेवतो.

निवृत्त_केमिस्ट

अर्धा बरोबर. वरच्याच ट्यूबमधे बघा, ऑर्निडाझोलच्या शेवटी झोल आहे पण बुरशीशी संबंध नाही. टर्बिनाफिनमधे झोल नाही आणि ते बुरशीचंच. आणि क्लोबेटासोलमधे ना सोन, ना झोल, तरी सगळ्यांचा बाप स्टेरॉइड.

शेवउसळप्रेमी

म्हणजे जिथे झोल लिहिलंय तिथे झोल नाही आणि जिथे लिहिलेलं नाही तिथेच मोठा झोल. समजलं.

खंडेराव_मार्केट

एवढं घाबरवायची गरज नाही लोकांना. मी गेली दहा वर्षं हीच चार औषधांची क्रीम लावतोय, दर पावसाळ्यात होतं, आठ दिवस लावली की जातं. काही कातडी बितडी खराब झाली नाही. डॉक्टरकडे गेलं की हजाराला कात्री. प्रत्येक गोष्टीला स्पेशालिस्ट कशाला?

स्किनवाली

खंडेरावदादा, दहा वर्षं लावताय म्हणजे दहा वर्षांत बरं झालेलं नाहीये.

विश्वामित्रीची_मगर

गप्पकन मिटला जबडा.

स्किनवाली

मी त्वचेचीच डॉक्टर आहे, बडोद्यातच. इथे पेशंट तपासत नाही, पण साधारण गोष्टी सांगते, कारण गणपतीपासून दिवाळीपर्यंत माझ्या ओपीडीत दर दुसरा माणूस हाच विषय घेऊन येतो.

सूनबाईंचा मूळ प्रश्न फार बरोबर आहे. बुरशी राहते कातडीच्या सगळ्यात वरच्या मेलेल्या थरात, आणि खालून नवी कातडी वर येऊन जुनी पूर्ण झडायला साधारण महिना लागतो. खाज गेली म्हणजे बुरशी कमी झाली, संपली नाही. तुमच्या डॉक्टरांनी चार आठवडे सांगितले ते त्या हिशोबाने. परदेशातल्या खोक्यावर ह्याच ल्युलिकोनाझोलला जांघेतल्या नि अंगावरच्या गजकर्णासाठी एकच आठवडा लिहिलेला असतो, तो वाचून लोक वाद घालायला येतात. आपल्याकडे सध्या जे गजकर्ण दिसतंय ते चिवट आहे, आठवड्यात थांबवलं की महिन्याभरात परत दारात. आम्ही साधारण दोनचा हिशोब सांगतो, चट्ट्याच्या कडेपासून बाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत लावायचं आणि चट्टा दिसेनासा झाल्यावर अजून दोन आठवडे लावायचं. दिवसातून एकदा की दोनदा ते औषधावर आहे. तुमचं एकदाचं आहे, तर एकदाच. तीनदा लावून तिप्पट लवकर बरं होत नाही, नुसती आग होते.

लोक चुकतात ते कडेला. मधल्या भागावर थापतात, कारण डाग तिथे दिसतो. बुरशी तर किनारीवर असते, बाहेर पसरत चाललेली. बाहेरून आत लावायचं.

आणि किती? तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून एक रेघ काढायची, ती साधारण अर्धा ग्रॅम. त्यात मोठ्या माणसाच्या दोन तळव्यांएवढी जागा होते. आंघोळ करून, अंग कोरडं करून (जांघ आणि बोटांच्या बेचक्या खरंच कोरड्या, टॉवेलने नुसतं थोपटून नाही, दोन मिनिटं पंख्याखाली उभं राहा), पातळ थर, चोळत बसायचं नाही. वरून पट्टी बांधायची नाही. हात धुवायचे. डोळ्यांत, तोंडात, नाजूक आतल्या जागी नाही. थोडं चुरचुरलं तर चालतं, पण फोड आले, सूज आली, जास्तच लाल झालं तर बंद करून दाखवायला जायचं.

तपकिरी सावली राहिलीय ती बुरशी नाही, भाजल्यावर डाग राहतो तशातली आहे, जायला महिने लागतील. ती घालवायला घासू नका. बोट फिरवून बघा, कडेला खरखरीत किंवा उंच लागतंय का ते महत्त्वाचं.

खंडेराव_मार्केट

ठीक आहे डॉक्टरताई, मान्य. पण जांघेत मला पांढऱ्या रेघा आल्यात, बाळंतिणीच्या पोटावर येतात तशा. त्या कशाच्या? वजन तर वाढलेलं नाही.

स्किनवाली

त्याच क्रीमच्या, बहुतेक. स्टेरॉइडने कातडी पातळ होते, जांघेत आणि काखेत आधी. त्या रेघा पूर्ण जात नाहीत. मात्र एकदम बंद केलीत तर आठ-दहा दिवस भयंकर खाज सुटेल आणि तुम्ही परत तीच ट्यूब शोधाल, म्हणून बंद करताना डॉक्टरच्या देखरेखीत करा. पैशाचं म्हणाल तर सयाजी हॉस्पिटलला स्किनची ओपीडी आहे. लाईन लागते, सकाळी लवकर जा.

खंडेराव_मार्केट

जातो. (दहा वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी कारण सांगितलं.)

विश्वामित्रीची_मगर

माझाही अनुभव टाकतो. २०२४ च्या ऑगस्टातला पूर, आमच्या सोसायटीत तीन दिवस कमरेएवढं पाणी होतं, दूध आणायला चपला डोक्यावर घेऊन चालत जायचो आणि बायको गॅलरीतून ओरडायची मगर बघा मगर बघा. मगर नाही भेटली पण पाणी ओसरल्यावर दोन्ही पायांच्या बोटांत अशा चिखल्या झाल्या की बेचकीतली कातडी पांढरी ओली होऊन निघायला लागली, वास तर विचारू नका. मी आपलं गरम पाण्यात मीठ, मग हळद, मग खोबरेल तेल. तेलाने तर अजूनच ओलसर राहिलं. डाव्या पायाला भेग पडली, त्यातून जिवाणू शिरले आणि नडगीपर्यंत पाय लाल होऊन सुजला, तापच आला. मला शुगर आहे, ते मी कोणाला सांगितलंच नव्हतं. पाच दिवस अँटिबायोटिक, मग बुरशीचं मलम सहा आठवडे. डॉक्टर म्हणाले शुगरवाल्याने पायाच्या बोटांत बुरशी दिसली की घरगुती काही करायचंच नाही, आधी यायचं. आता रोज रात्री टीव्ही बघताना बोटं फाकवून बसतो. बायको म्हणते हेच बघायचं राहिलं होतं.

वाघोडिया_रोड_हॉस्टेल

आमच्या मजल्यावर बारा जणांपैकी सात जणांना आहे. एक ट्यूब आणतो आणि सगळे लावतो, कॉन्ट्री काढून. फुटबॉलची शॉर्ट पण कॉमन आहे 🙈

स्किनवाली

शॉर्ट पण?!

निवृत्त_केमिस्ट

बाळ, सात जणांत एक ट्यूब म्हणजे कोणालाच पुरेसं औषध नाही आणि सगळ्यांना सगळ्यांची बुरशी. बोट ट्यूबच्या तोंडाला लावता की नाही? तेच बोट पुढच्याच्या जांघेत गेलं.

कपड्यांचं ऐक. टॉवेल, चड्ड्या, शॉर्ट ज्याचे त्याचे. धुवायचे वेगळे, गरम पाण्यात, साठ अंश तरी असावं, उन्हात उलटे वाळवायचे आणि शिवणीवर इस्त्री फिरवायची. शिवणीतच बसते ती. आणि सगळ्यांनी एकाच वेळी उपचार घ्या, एकाचा झाला की दुसऱ्याचा असं केलंत तर डिग्री मिळेपर्यंत फिरत राहील.

वाघोडिया_रोड_हॉस्टेल

काका इस्त्री एकाकडे आहे, ती पण मॅगीसाठी वापरतो.

आजीचा_बटवा

एवढी झोल-सोन चर्चा वाचली, कोणी टाकळ्याचं नाव काढेना! पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला उगवतो तो, कोवळ्या पानांची भाजी करतात. आमची आजी त्याचं बी ताकात वाटून गजकर्णावर लावायची. माझ्या मामाचं त्यानेच गेलं. निसर्गाने दिलेलं सोडून ट्यूबा कशाला?

गायकवाडी_मराठी

टाकळ्याला संस्कृतात नावच चक्रमर्द, चक्र म्हणजे हेच गोल चट्टे, त्यांना मर्दणारा. दुसरं नाव दद्रुघ्न. दद्रु म्हणजे गजकर्ण, त्यावरूनच हिंदीत दाद आणि आपल्या शेजारी गुजरातीत धाधर. मराठीने मात्र हत्तीचा कान कुठून आणला कोण जाणे. चट्टा वाढून खरखरीत, काळपट, मोठा झाला की दिसतो खरा तसा.

निवृत्त_केमिस्ट

आजीच्या नावाला माझा नमस्कार. पण टाकळ्याचा वाटा किती, ताकाचा किती, रोज ताजं वाटलं की आठवडाभर तेच, ह्याचा काही मेळ नसतो. आणि बटव्यातून पुढची पायरी येतेच: लसूण. लसूण वाटून जांघेत बांधलेला माणूस मी दुकानात उभा पाहिलाय, बसता येत नव्हतं त्याला. भाजलं होतं.

आजीचा_बटवा

लसणाचं मी म्हटलंच नाही काका.

निवृत्त_केमिस्ट

तुम्ही नाही, त्याच्या मेहुण्याने म्हटलं होतं.

न्यूजर्सी_व्हाया_निझामपुरा

इथल्या बातम्या सांगतो. २०२३ मधे न्यूयॉर्कमधल्या दोन बायकांच्या गजकर्णाची नोंद प्रसिद्ध झाली, टर्बिनाफिनच्या गोळ्यांना दाद देईना, तपासल्यावर निघालं ट्रायकोफायटन इंडोटिनी. अमेरिकेत नोंद झालेल्या त्या पहिल्या केसेस. ह्या बुरशीला हे नाव २०२० मधे जपानी लोकांनी दिलं, भारत आणि नेपाळमधल्या पेशंटांकडून मिळाली म्हणून. म्हणजे शून्याचा शोध, योग, आणि आता ही.

स्किनवाली

हसू आलं पण खरं आहे. टर्बिनाफिन बुरशीतल्या ज्या एन्झाइमवर जाऊन बसतं त्याचाच जीन ह्या जातीत बदललेला सापडतो, म्हणून औषध लागू पडत नाही. एवढी का पसरली ह्याच्या कारणांत ती चार औषधांची खिचडी आणि अर्धवट सोडलेले कोर्स दोन्ही येतात. म्हणून चार आठवडे नीट मलम लावूनही कमी होत नसेल, चट्टे अंगभर असतील, डोक्यात केसांत किंवा नखात असेल तर मलमावर बसू नका, पोटात गोळी लागते. नखाचं तर पूर्ण साफ दिसायला वर्षसुद्धा लागतं, पायाचं नख पूर्ण नवं यायलाच तेवढा वेळ लागतो.

मनीमाऊची_आई

केसांवरून आठवलं, माझ्या लेकीच्या डोक्यात रुपयाएवढी जागा टकली झाली आणि केस मुळाशी तुटलेले दिसायचे. मी महिनाभर क्लोट्रिमाझोल चोळत होते. घरात आणलेल्या मांजरीच्या पिल्लाच्या कानामागे पण तसंच होतं. शेवटी लेकीला गोळ्यांचा कोर्स आणि पिल्लाला जनावरांचा डॉक्टर. दोघी आता झकास, फर्निचर सोडून.

अलकापुरी_गर्ल

जरा वेगळा प्रश्न, पाठीवर आणि खांद्यावर पांढरट ठिपके आहेत, खाज नाही, हलकं खरवडलं की बारीक कोंडा निघतो. आई म्हणते कॅल्शियम कमी आहे. गरब्याला बॅकलेस चोळी शिवून आणलीय 😭 हेच क्रीम चालेल का?

स्किनवाली

वर्णनावरून ती शिबं वाटतात, इथे ज्याला करोळिया म्हणतात. कॅल्शियमचा काही संबंध नाही. ही बुरशी सगळ्यांच्याच अंगावर राहते, घाम आणि तेलकटपणा वाढला की माजते. पाठभर क्रीम लावायला चार ट्यूबा लागतील, त्यापेक्षा ह्याला बहुतेक वेळा किटोकोनाझोलचा शाम्पू पाठीवर लावून पाच मिनिटांनी धुवायला देतात. एकदा दाखवून घे. मात्र बुरशी मेली तरी पांढरेपणा भरून यायला काही महिने लागतात, तेव्हा ह्या नवरात्रीला ओढणी. अजून एक, हे सगळ्यांसाठी: फिकट चट्टा आहे, खाज नाही, आणि तिथे स्पर्श कमी कळतोय असं असेल तर कुठलंही मलम न लावता आधी दाखवा. ते कुष्ठरोगाचं लक्षण असू शकतं, लवकर सापडला तर पूर्ण बरा होतो.

निवृत्त_केमिस्ट

माझीही एक भर. रक्त पातळ करायची वॉर्फरिन चालू असलेले कोणी इथे असतील तर मायकोनाझोल स्वतःच्या मनाने आणू नका, विशेषतः तोंडात लावायचं जेल. वॉर्फरिनचा जोर वाढून रक्तस्राव होऊ शकतो. डॉक्टरला दोन्ही औषधं सांगायची. लोक म्हणतात मलमच तर आहे.

कोठीवरचा_कबुतर

सूनबाईंचे हे कंदोरा बांधतात का? आपला करगोटा?

रावपुऱ्याची_सून

हो बांधतात, काळा गोफ, सासूबाईंनीच बांधलाय, दर वर्षी बदलतात. का हो?

कोठीवरचा_कबुतर

कारण मला पण पट्ट्याच्या रेषेतच झालं होतं आणि दोनदा बरं होऊन दोनदा परत आलं. तिसऱ्यांदा डॉक्टरांनी शर्ट वर करायला सांगितला, दोन बोटांत तो दोरा धरला आणि म्हणाले हा कधी धुतला होता? आंघोळीत रोज भिजतो की, मी म्हटलं. ते म्हणाले भिजतो, वाळतो कधी?

स्किनवाली

सगळ्यात चांगला प्रश्न कबुतराने विचारला. कमरेचा, मनगटाचा, गळ्यातला दोरा सतत ओला राहतो, बुरशी त्यात टिकते आणि मलम बाजूबाजूला लागत राहतं. मी तर कात्री टेबलावरच ठेवते. शिवाय, पायाला बुरशी असेल तर आधी मोजे घालायचे, मग चड्डी. नाहीतर पाय चड्डीतून जाताना बुरशी जांघेत पोचवतो.

शेवउसळप्रेमी

आधी मोजे मग चड्डी. बायकोने दार उघडलं तर काय सांगायचं, डॉक्टरताईंची चिठ्ठी द्या.

रावपुऱ्याची_सून
२० सप्टेंबर

थोडक्यात अपडेट. करगोटा कापण्यावरून घरात दोन दिवस महाभारत. सासूबाई म्हणाल्या बारशापासून बांधत आलोय, काढला तर नजर लागते. मी कबुतरदादांची पोस्ट मोठ्याने वाचून दाखवली, "वाळतो कधी" ला त्या गप्प झाल्या. मग स्वतःच कात्री घेऊन आल्या. कापल्यावर उजेडात धरला तर आतल्या बाजूला चिकट पिवळट थर होता, साबण आणि मलम आणि काय काय. नाकाजवळ नेला आणि लगेच लांब धरला. काही बोलल्या नाहीत, कागदात गुंडाळून टाकून आल्या.

त्यांच्या मानेचं सांगते. डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी पात्याने थोडा कोंडा खरवडून काचेवर घेतला, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. बुरशी दिसली नाही. पण विचारलं काही लावलंय का, आम्ही म्हटलं हो, चार दिवस ह्यांची क्रीम, तर म्हणाले मग ह्या टेस्टवर मी पूर्ण भरवसा ठेवू शकत नाही, येताना काही लावून यायचं नसतं. नंतर त्यांनी मान नीट बघितली, चट्टा बरोब्बर एका रेषेत. सासूबाई मंगळसूत्र लॉकरमधे ठेवून बाजारातली नकली चेन घालतात, चोरांच्या भीतीने. निकेलची ॲलर्जी! चेन काढली, वेगळं साधं मलम दिलं. म्हणजे गजकर्ण नव्हतंच.

चाळीस रुपयांची ट्यूब भाईंना परत केली. न बोलता चाळीस रुपये दिले.

निवृत्त_केमिस्ट

परत घेतली म्हणजे त्यालाही माहीत आहे.

विश्वामित्रीची_मगर

गरब्याचं काय ठरलं मग?

स्किनवाली

खेळू द्या की. सुती आतले कपडे, सैल चोरणा, घरी आल्या आल्या आंघोळ, कोरडं करून क्रीम. रात्री दीडला कंटाळा येतो आणि घामाचे कपडे तसेच ठेवून माणूस झोपतो, ऑक्टोबरातली माझी गर्दी तिथूनच येते.

खंडेराव_मार्केट
१८ ऑक्टोबर

सयाजीला जाऊन आलो. गोळ्या आणि एकाच औषधाचं मलम दिलंय. पहिले दहा दिवस डॉक्टरताई म्हणाल्या तसेच गेले, रात्री उठून फरशीवर पाय घासायचो. आता बरंच शांत आहे. रेघा आहेत तशाच.

रावपुऱ्याची_सून
२ नोव्हेंबर

धागा वर काढते कारण बऱ्याच जणांनी व्यनि (खासगी निरोप) करून विचारलं. चार आठवडे झाल्यावर पुन्हा दाखवलं, कडेला एका जागी अजून खरखर होती, ती ह्यांना दिसत नव्हती आणि मला पण नाही, डॉक्टरांच्या बोटाला लागली. अजून दोन आठवडे वाढवले. दुसरी ट्यूब आणली, खोक्यावर मी सुरू केल्याची तारीख आणि ह्यांचं नाव मार्करने लिहिलं. ती पण मागच्या महिन्यात संपली. नवरात्र आणि दिवाळी दोन्ही पार पडले, परत आलेलं नाही. सावली आहे थोडी.

टॉवेल प्रत्येकाचे वेगळे केले, पण पाचही टॉवेल एकाच दुकानातले, एकाच रंगाचे, रोज सकाळी गोंधळ. तर सासूबाईंनी दुपारी बसून प्रत्येकाच्या कोपऱ्यात वेगवेगळ्या रंगाचा दोरा शिवला. ह्यांच्या टॉवेलला काळा. ह्या वर्षीच्या करगोट्यासाठी त्यांनी नवं रीळ आणून ठेवलं होतं, त्यातलाच.

शेवउसळप्रेमी

म्हणजे आता नजर टॉवेलला लागायची नाही.

कोठीवरचा_कबुतर

टॉवेल तरी वाळतो.